घरपट्टीचे कोष्टक आणि गारव्याची घरे

पालघरच्या रेल्वे स्थानकापासून पश्चिमेस माहीमच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना, गेल्या शंभर वर्षांत या मुलखात घर बांधण्याच्या जेवढ्या पद्धती रूढ झाल्या, त्यांतील बहुतेकींचे नमुने आजही एकमेकांच्या शेजारी उभे आहेत. नारळी-पोफळींच्या आणि पानवेलींच्या वाड्यांत लाकडी खांबांची, जाड भिंतींची, पुढे ओटी व मागे पडवी असलेली कौलारू घरे आहेत. त्यांच्याच अंगणात मुलांनी किंवा नातवांनी बांधलेली सिमेंटच्या स्लॅबची चौकोनी घरे आहेत. पूर्वेकडे डोंगराच्या बाजूस गेले की कारवीच्या कुडाला माती-शेणाने लिंपलेली वारली कुटुंबांची घरे लागतात. आणि उत्तरेस बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीभोवती पत्र्याच्या छपरांच्या चाळींच्या रांगाच रांगा पसरलेल्या आहेत. यांपैकी कोणते घर मे महिन्यात राहण्याजोगे असते आणि कोणत्या घरात रात्रभर पंखा चालवूनही डोळ्याला डोळा लागत नाही, हे या भागातील माणसाला कोणी सांगावे लागत नाही. तरीही दरवर्षी पाडली जाणारी घरे पहिल्या प्रकारची असतात आणि नव्याने उभी राहणारी शेवटच्या प्रकारची. असे का होते, याची अनेक कारणे आजवर सांगितली गेली आहेत. त्यांपैकी ज्याची चर्चा फारशी होत नाही अशा एका कारणाचा, म्हणजे स्थानिक संस्थांच्या घरपट्टीचा आणि तिच्या नियमांचा, येथे आढावा घ्यावयाचा आहे.

प्रथम हवामानाचा विचार करणे अवश्य आहे, कारण त्याच्यावाचून कराचे गुणदोष ठरविण्यास मापच उरत नाही. हा किनारा साडेएकोणीस अंशांच्या किंचित उत्तरेस आहे, म्हणजे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य येथे जवळजवळ थेट डोक्यावर असतो आणि जुलैच्या उत्तरार्धात परतताना तो पुन्हा तेथे येतो, मात्र तेव्हा ढगांआड. बैठ्या घराच्या भिंतींना उन्हाळ्यातील ऊन तिरपे व थोडा वेळ लागते. छपराला मात्र ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत लागते. त्यात समुद्राची दमट हवा, जिच्यामुळे घाम सुकत नाही आणि वारा खेळता असल्याखेरीज सावलीचाही उपयोग होत नाही. आणि पुढे चार महिने पावसाची झोड, जिच्यापासून मातीच्या भिंतीचे रक्षण झालेच पाहिजे. या तिन्ही गरजांना जुन्या घराने एकाच रचनेत उत्तर दिले होते. उतरत्या कौलांच्या सांध्यांतून गरम हवा वर निघून जात असे, माळ्यामुळे छपराची धग माजघरात पोहोचत नसे, ओटी व पडवी भिंतींना उन्हापासून आणि पावसापासून राखीत, आणि समोरासमोरच्या दारांतून खारा वारा आरपार जाई. विजेचा एकही युनिट न जाळता मिळणारा हा गारवा होता. उघड्या सिमेंटच्या स्लॅबचे शास्त्र याच्या अगदी उलट आहे. ती दिवसभर उष्णता शोषून घेते आणि रात्री, नेमक्या निजण्याच्या वेळी, ती खालच्या खोलीत सोडते.

आता कराकडे वळू. घरावरील कर घराची आकृती बदलतो, हे इतिहासाने इतक्या वेळा दाखविले आहे की त्याबद्दल संशय घेण्यास जागा नाही. इंग्लंडात १६९६ साली खिडक्यांवर कर बसला आणि तो १८५१ पर्यंत चालू राहिला. त्या दीडशे वर्षांत असंख्य घरांच्या खिडक्या विटांनी बुजविल्या गेल्या आणि गरिबांच्या खोल्यांतून उजेड व हवा नाहीशी झाली. फ्रान्सने असाच दारे-खिडक्यांचा कर १७९८ पासून १९२६ पर्यंत वसूल केला. इंग्लंडातच १७८४ मध्ये विटांवर नगावारी कर बसला, तेव्हा वीटभट्टीवाल्यांनी विटांचा आकारच मोठा केला. आपल्या देशात पेशवाईच्या अमलात बाजारपेठांतील घरपट्टी व मोहतर्फा, म्हणजे धंद्यांवरील कर, यांची वसुली होत असे. पण घरावरील कर हा रयतेच्या मनाला किती लागणारा विषय आहे, हे कंपनी सरकारला कळले ते बनारसमध्ये, जेथे १८१०च्या कायद्याने घरपट्टी बसविताच नगरवासी व्यवहार बंद ठेवून शहराबाहेर धरणे देऊन बसले आणि अखेर सरकारला तो कर मागे घ्यावा लागला. कर आकारणारा ज्या गोष्टीची मोजदाद करतो, ती गोष्ट घर बांधणारा कमी करू लागतो. खिडक्या मोजल्या तर खिडक्या कमी होतात. म्हणून आपली घरपट्टी नेमके काय मोजते, हा या विषयाचा गाभा आहे.

पालघर तालुक्याचा मोठा भाग ग्रामपंचायतींच्या हद्दीत मोडतो. एके काळी ज्या तालुक्याला माहीमचे नाव होते आणि ज्याची कचेरी माहीमलाच होती, त्या तालुक्यात आज माहीम हे एक ग्रामपंचायतीचे गाव आहे. आणि ज्याची लोकसंख्या एखाद्या शहराला शोभेल असे बोईसरही ग्रामपंचायतीच्या कारभाराखालीच वाढले. या संस्थांचा कराचा अधिकार १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मधून येतो आणि आकारणीची रीत १९६०च्या कर व फी नियमांनी ठरते. १९९९ साली शासनाने घरपट्टीची आकारणी क्षेत्रफळावर आधारित केली. त्या पद्धतीला उच्च न्यायालयात आव्हान मिळाले, काही काळ वसुलीच अडली, आणि ३१ डिसेंबर २०१५च्या अधिसूचनेने भांडवली मूल्यावर आधारित पद्धत आली, जी आज चालू आहे. तिचे सूत्र साध्या शब्दांत असे: इमारतीच्या क्षेत्रफळाला जमिनीच्या वार्षिक मूल्यदराने, म्हणजे ज्याला लोक रेडी रेकनरचा दर म्हणतात त्याने, गुणावयाचे, त्याच क्षेत्रफळाला बांधकामाच्या प्रकाराप्रमाणे ठरलेल्या बांधकाम-दराने गुणून इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा द्यावयाचा, दोहोंची बेरीज करून तिला वापराचा भारांक लावावयाचा, जो राहत्या घराला सर्वांत कमी असतो, आणि येणाऱ्या भांडवली मूल्यावर हजारी काही पैसे ते रुपया-दोन रुपये अशा दराने कर बसवावयाचा. हा दर चार वर्गांसाठी चार प्रकारचा आहे. झोपडी किंवा मातीचे घर, दगड-विटांचे पण मातीत बांधलेले घर, दगड-विटांचे व चुन्यात किंवा सिमेंटात बांधलेले घर, आणि आर.सी.सी. इमारत, अशा चढत्या क्रमाने दर वाढत जातो. प्रत्येक वर्गाला किमान व कमाल मर्यादा असून त्यांच्या दरम्यान कोणता दर घ्यावयाचा हे ग्रामपंचायत ठरावाने ठरविते. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, तिची नोंद नमुना ८ मध्ये आणि मागणीची नोंद नमुना ९ मध्ये राहते, आणि घरपट्टीच्याच बिलावर दिवाबत्ती, आरोग्य व पाणी यांचे कर जोडून येतात.

या सूत्राने घराला विचारलेले प्रश्न चार आहेत: किती जागेवर, कशाचे, किती वर्षांचे आणि कशासाठी. आत राहणाऱ्याला किती ताप होतो आणि त्यासाठी किती वीज जळते, हा प्रश्न त्यात नाही. कराने असा प्रश्न विचारावा अशी १९६० साली कोणाची अपेक्षा असणेही शक्य नव्हते, कारण तेव्हा या गावांतील बहुसंख्य घरे दुसरे काही न करता थंडच असत. परंतु २०१५ साली, जेव्हा संपूर्ण पद्धत नव्याने लिहिली गेली, तेव्हा हा प्रश्न विचारण्याची संधी होती आणि ती गेली, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

क्षेत्रफळाचाच विचार करू, कारण तेथे परिणाम सर्वांत स्पष्ट आहे. सूत्रातील दोन्ही पदांत क्षेत्रफळ गुणक म्हणून येते, त्यामुळे क्षेत्रफळ जितके टक्के वाढेल तितकेच टक्के करही वाढतो. समजा, एका कुटुंबाला पाचशे चौरस फुटांच्या खोल्या पुरेशा आहेत आणि त्यांना ऊन-पावसापासून राखण्यासाठी पुढे ओटी व मागे पडवी मिळून आणखी दीडशे चौरस फूट छपराखाली घ्यावे लागतात. टेप बाहेरच्या कडेने लावून लांबी-रुंदी घेतली, आणि खेड्यांतील मोजणी बहुधा अशीच होते, तर त्या कुटुंबाला तीस टक्के अधिक कर पडेल. आणि हा अधिक कर ज्या जागेवर पडतो ती जागा निजण्याची नाही, स्वयंपाकाची नाही, तर घर थंड ठेवण्याची आहे. भिंतींचेही तसेच. मातीची किंवा दगडाची दीड फूट जाडीची भिंत आणि विटांची नऊ इंची भिंत यांच्या जाडीत नऊ इंचांचा फरक आहे. लहान घरात चारही बाजूंना हा फरक धरला, तर आतली खोली तेवढीच राहूनही बाहेरचे क्षेत्रफळ लक्षणीय वाढते. घर जितके लहान, तितके हे प्रमाण प्रतिकूल. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता राज्यात बहुतेक ठिकाणी लागू झालेल्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनेही चटईक्षेत्र मोजताना बांधकामाची बाह्य कड प्रमाण मानली आहे, त्यामुळे जाड भिंतीची किंमत परवानगीच्या कागदावर एकदा आणि कराच्या बिलावर दरसाल अशी दोनदा मोजावी लागते.

बांधकामाच्या वर्गवारीत तर याहून मोठी उणीव आहे, ती अशी की छपराचा तीत विचारच नाही. वर्ग ठरतात ते भिंती कशाच्या आणि कशात बांधलेल्या यावरून, किंवा सांगाडा आर.सी.सी.चा आहे की नाही यावरून. विटा व सिमेंटच्या भिंतींवर मंगळुरी कौले असोत की पत्रा असो, कोष्टकात घर एकाच रकान्यात पडते. आणि बैठ्या घराला या अक्षांशावर उष्णता मुख्यतः वरून मिळते, हे वर सांगितलेच आहे. कौलाखाली लाकडी फळ्यांचा माळा घालणारा, स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा व त्यावर पांढरा चायना मोझॅक बसविणारा, आणि उघडा पत्रा टाकून मोकळा होणारा, या तिघांत कर भेद करीत नाही. किंबहुना पहिल्या दोघांनी जर दुरुस्तीच्या निमित्ताने घराचे रूप बदलले, तर फेरआकारणीत घसाऱ्याचा फायदा जाण्याचे भय त्यांनाच अधिक. या भागात स्लॅबवर लोखंडी खांब उभे करून त्यावर पत्र्याची शेड घालण्याचा प्रघात सार्वत्रिक झाला आहे. गळती थांबावी म्हणून ती घालतात, पण तिच्या सावलीमुळे स्लॅब तापत नाही आणि मधून वारा वाहतो, त्यामुळे खालची खोली पुष्कळ सुसह्य होते. सामान्य माणसाने कोणत्याही तज्ज्ञाच्या सल्ल्याविना शोधलेला हा उत्तम उपाय आहे. आणि तरीही त्या शेडखालची जागा क्षेत्रफळात धरावयाची की नाही, याचे स्वतंत्र उत्तर सूत्रात नाही. ती धरली गेली, तर सावलीवर एका मजल्याचा कर बसला असे म्हणावे लागेल.

मातीच्या घराला सर्वांत कमी दर आहे, ही गोष्ट कराच्या बाजूने नोंदविलीच पाहिजे. कमी दराचा हेतू गरिबीला सवलत हा आहे, तथापि परिणामतः सर्वांत कमी ऊर्जा खाणाऱ्या घराला तो सवलत देतो. दुर्दैव असे की या सवलतीबरोबर एक शिक्का येतो. मातीचे घर म्हणजे कच्चे घर ही समजूत करापुरती राहत नाही. ती जनगणनेत जाते, तिथून घरकुलाच्या यादीत जाते, आणि तिथून बँकेच्या कर्जाच्या अर्जात. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे पत्र्याचे छप्पर टिकाऊ गणले जाते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात लाभार्थी ठरविले गेले ते २०११च्या सामाजिक, आर्थिक व जात गणनेवरून, आणि तीत बेघर कुटुंबांबरोबर कच्च्या भिंती व कच्चे छप्पर असलेली कुटुंबे पात्र ठरली. पालघर हा आदिवासीबहुल जिल्हा असल्यामुळे शबरी आदिवासी घरकुल योजनेचाही येथे मोठा विस्तार आहे. या योजनांनी हजारो कुटुंबांच्या डोक्यावर न गळणारे छप्पर आणले, हे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु किमान २५ चौरस मीटरच्या, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांच्या, या घरकुलात ओटी-पडवीला जागा क्वचितच उरते. आणि अनुदानाच्या रकमेत घर पुरे करावयाचे म्हणून भिंती पातळ आणि छप्पर पत्र्याचे किंवा उघड्या स्लॅबचे होते. कुडाचे घर सोडून घरकुलात आलेली अनेक कुटुंबे उन्हाळ्यात दुपारी घरकुलाबाहेर झाडाखाली बसतात. त्यांच्या जुन्या घराचा दर कमी होता, नव्याचा अधिक आहे, आणि विजेचे बिल हा त्यांच्या संसारातील अगदी नवा खर्च आहे.

नगरपालिकांच्या क्षेत्रात वेगळी पद्धत प्रचलित राहिली. १९६५च्या नगरपरिषद अधिनियमात मालमत्तेचे करयोग्य मूल्य मुळात वार्षिक भाडेमूल्यावरून, म्हणजे ते घर वाजवीपणे किती भाड्याने जाईल या अंदाजावरून, आणि दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करून ठरते. येथे अडचण निराळी आहे. घर अधिक सुखकर झाले तर त्याचे भाडे वाढू शकते, भाडे वाढले तर करयोग्य मूल्य वाढते, आणि अशा रीतीने ज्याने गारव्यासाठी खर्च केला त्याच्याकडूनच अधिक कर मागितला जाण्याचा संभव उत्पन्न होतो. घर सुधारणाऱ्याला दंड होऊ नये या तत्त्वाचा सर्वांत ठाम पुरस्कार हेन्री जॉर्ज या अमेरिकन अर्थचिंतकाने १८७९च्या आपल्या ग्रंथात केला. त्याचे म्हणणे असे की कर जमिनीच्या मूल्यावर असावा, तीवर माणसाने श्रमाने उभारलेल्या इमारतीवर नसावा. पिट्सबर्ग शहराने १९१३ पासून २००१ पर्यंत जमिनीला अधिक व इमारतीला कमी असा दुहेरी दर चालविलाही. आपल्या ग्रामपंचायतींच्या सूत्रात जमिनीचा दर आहे खरा, पण तो इमारतीच्या क्षेत्रफळालाच गुणला जात असल्यामुळे जमीन आणि इमारत यांना वेगळे वागविण्याचा मूळ लाभ त्यातून मिळत नाही. जिल्हा झाल्यापासून, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ नंतर, पालघर व बोईसरच्या आसपासचे जमिनीचे भाव ज्या वेगाने चढले, त्याचा भार या गुणाकारातून जुन्या ऐसपैस ओटीवरही येऊन पडतो.

बोईसर-तारापूरचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहिला पाहिजे. १९६९ मध्ये तारापूरच्या अणुवीज केंद्राने वीज देण्यास प्रारंभ केला आणि त्यानंतर औद्योगिक वसाहत वाढली, तेव्हा तिच्या कामगारांसाठी निवारा उभारला तो मुख्यतः भोवतालच्या गावांतील जमीनमालकांनी, चाळींच्या रूपाने. एका ओळीत दहा-बारा खोल्या, समोर अरुंद व्हरांडा, वर पत्रा, मागे भिंतीला भिंत. येथे घरपट्टी मालक भरतो आणि विजेचे बिल भाडेकरू भरतो. पत्र्याखाली छत घालण्याचा खर्च मालकाने करावयाचा आणि त्यामुळे वाचणारी वीज मात्र भाडेकरूची, अशी विभागणी असल्यावर मालकाने तो का करावा, याचे उत्तर बाजार देऊ शकत नाही. नेमक्या अशा ठिकाणी कराला काम आहे, कारण मालकापर्यंत पोहोचणारा तो एकमेव सार्वजनिक कागद आहे. पत्र्याखाली छत, मागच्या भिंतीत झरोका आणि व्हरांड्याला पुरेशी रुंदी, एवढ्या तीन गोष्टी असणाऱ्या चाळीला कमी दर आणि नसणारीला पूर्ण दर, असा साधा भेद केला तरी हजारो माणसांच्या रात्री बदलतील. मला या संपूर्ण विषयात याहून निकडीची दुसरी बाब दिसत नाही.

येथे एक आक्षेप विचारार्ह आहे. ग्रामीण घरपट्टीची रक्कम मुळातच लहान असते. पाच लाखांच्या भांडवली मूल्याला हजारी एक रुपया दर धरला तर वर्षाला पाचशे रुपये होतात, आणि कोणीही माणूस पाचशे रुपयांत दहा टक्के सूट मिळावी म्हणून घराचे छप्पर बदलणार नाही. हा आक्षेप रकमेपुरता खरा आहे. परंतु घरपट्टीचे बळ तिच्या रकमेत नसून तिच्या वर्गवारीत आहे. नमुना ८चा उतारा हा खेड्यातील घराचा सर्वांत महत्त्वाचा दाखला असतो. वीजजोडणीला, कर्जाला, वारसनोंदीला, नुकसानभरपाईच्या पंचनाम्याला तोच लागतो. त्या उताऱ्यावर घराचे जे वर्णन असते तेच वर्णन शासनाच्या नजरेत ते घर असते, आणि त्या वर्णनात छपराचा, सावलीचा, वाऱ्याचा शब्द नसेल, तर कोणत्याही योजनेला त्या गोष्टींची किंमत करता येणार नाही. माणसेही त्याच वर्णनाप्रमाणे आपल्या घराची प्रतिष्ठा ठरवू लागतात. चार वर्गांच्या पायऱ्या ज्या क्रमाने लिहिल्या आहेत, त्याच क्रमाने गावातील माणूस घर बांधण्याचे स्वप्न पाहतो, आणि सर्वांत वरची पायरी आर.सी.सी.ची आहे.

हरित इमारतींसाठी सवलती मुळीच नाहीत असे नाही. पुणे महानगरपालिका सौर ऊर्जा, पर्जन्यजल संधारण व गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प राबविणाऱ्याला सामान्य करात ५ टक्के व दोन किंवा अधिक राबविणाऱ्याला १० टक्के सूट देते. पिंपरी-चिंचवडने ‘गृह’ या हरित इमारतींच्या मानांकनाच्या ताऱ्यांप्रमाणे बांधकाम व्यावसायिकांना शुल्कात आणि रहिवाशांना करात सवलत ठेवली आहे. एकात्मिक नियमावलीत हरित मानांकन मिळविणाऱ्या इमारतींना ३, ५ व ७ टक्के वाढीव चटईक्षेत्र मिळते. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर केलेली इको-निवास संहिता तर भिंतींतून व खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा घालते आणि छपराच्या उष्णतावहनालाही १.२ची मर्यादा सांगते, जी उघड्या स्लॅबला पाळणे अशक्य आहे. परंतु ही संहिता लिहिली गेली ती ५०० चौरस मीटर किंवा अधिक क्षेत्राच्या भूखंडांवरील निवासी इमारतींसाठी. मानांकनाची फी, सल्लागाराचा खर्च व कागदपत्रांचा व्याप इमारतसंकुलाला परवडतो, गावठाणातील तीन खोल्यांच्या घराला परवडत नाही. वाढीव चटईक्षेत्राचा उपयोग ज्याला फ्लॅट विकावयाचे आहेत त्याला. ज्याला स्वतः राहावयाचे आहे त्याला त्याचे काय करावे हे सांगता येणार नाही. सवलतींची ही सारी रचना मोठ्यांकडे पाहून झाली आहे, आणि ती तशी का झाली हे समजण्याजोगे असले तरी न्याय्य नाही.

लहान घराला लहान म्हणून दिलेली सवलत हीसुद्धा ऊर्जेची बचतच असते, कारण कमी जागा थंड करण्यास कमी वीज लागते आणि बांधण्यास कमी सिमेंट. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ झाला आणि सुमारे सोळा लाख घरांना त्याचा लाभ मिळाला. केरळने १९७५च्या इमारत कर कायद्यातील एकरकमी कर १०० चौरस मीटरपर्यंतच्या निवासी घरांना माफ ठेवला आणि २७८.७ चौरस मीटरहून मोठ्या घरांवर त्याशिवाय वार्षिक आलिशान कर बसविला. ज्या राज्यात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी स्वस्त, हवेशीर व कमी सिमेंटच्या घरांची परंपरा घातली, त्या राज्यात कर व बांधकामशास्त्र हे निदान परस्परविरोधी दिशांना गेले नाहीत. मुंबईतील पाचशे फुटांच्या सदनिकाधारकाला माफी आणि तेथून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या माहीममधील तेवढ्याच घराला आकारणी, ही विषमता ग्रामपंचायतींचे उत्पन्नाचे साधन अतिशय तोकडे असल्यामुळे टिकून आहे. म्हणून सरसकट माफीची मागणी येथे करणे योग्य होणार नाही. दिवाबत्ती, सफाई आणि पाणी याच उत्पन्नावर चालते.

जुन्या बांधणीच्या बाजूने बोलताना तिच्या अडचणीही झाकता कामा नयेत. मे २०२१च्या तौक्ते चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील कौले व पत्रे उडविले, तेव्हा स्लॅबखाली असलेल्यांनी समाधानाचा श्वास घेतला. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या भागाला भूकंपाचे लहान-मोठे धक्के बसत आले आहेत, आणि जड, बांधून न घेतलेल्या मातीच्या किंवा दगडांच्या भिंती अशा वेळी धोक्याच्या ठरतात, जरी हलक्या कुडाच्या भिंतीला ते भय पुष्कळ कमी असते. पावसाळ्यापूर्वीच्या शाकारणीला माणसे मिळत नाहीत, सागाचे लाकूड परवडत नाही, वाळवी लागते. त्यामुळे जुने घर जसेच्या तसे टिकवावे असा आग्रह धरणे म्हणजे दुसऱ्याच्या गैरसोयीवर आपली आवड पोसणे होईल. टिकवावयाचे आहे ते त्या घराचे शहाणपण: छपराखाली हवेचा थर, भिंतीला सावली, आरपार वारा. ते आर.सी.सी.च्या सांगाड्यातही साधता येते, सिमेंट कमी वापरून दाबून केलेल्या मातीच्या विटांतही साधता येते. आणि अशा विटांच्या घराला कोष्टकातील कोणत्या वर्गात घालावे, हेही आज स्पष्ट नाही.

यावर काय करता येईल, हा प्रश्न दोन पातळ्यांवर सोडवावा लागेल. ग्रामपंचायतीला प्रत्येक वर्गाच्या किमान-कमाल मर्यादेत दर ठरविण्याचा अधिकार आहे, परंतु एका वर्गातील दोन घरांत भेद करण्यास नियमांचा आधार हवा. तो आधार ग्रामविकास विभागाने १९६०च्या नियमांत दुरुस्ती करूनच देता येईल. या दुरुस्तीत माझ्या मते तीन तरतुदी पुरेशा होतील. तीन बाजूंनी किंवा दोन बाजूंनी मोकळी असलेली ओटी, पडवी व स्लॅबवरील सावलीची शेड क्षेत्रफळातून वगळावी किंवा निम्म्याने धरावी. ठराविक जाडीपलीकडची भिंत क्षेत्रफळात मोजू नये. आणि बांधकामाच्या वर्गाबरोबर छपराचा स्वतंत्र रकाना ठेवून छत किंवा माळा असलेल्या, कोबा व पांढरा थर असलेल्या किंवा दुहेरी छपराच्या घराला दरात सूट द्यावी. छपरावरील सौर संचामुळे भांडवली मूल्य वाढले असे मानू नये, हेही स्पष्ट लिहिलेले बरे. कॅलिफोर्नियाने आपल्या कायद्यात तसे लिहून ठेवले आहे, आणि २०२४च्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांचे अनुदान एका हाताने देणाऱ्या शासनाने त्याच संचावर दुसऱ्या हाताने कर घेण्याची शंकासुद्धा मागे ठेवू नये. फ्रान्समध्ये कमी ऊर्जेच्या नव्या घरांना मालमत्ता करात माफी द्यावी की नाही, हे ठरविण्याची मुभा स्थानिक संस्थांना आहे. आपल्याकडेही सक्तीपेक्षा मुभाच अधिक उपयोगी पडेल, कारण वाड्यांचे माहीम आणि चाळींचे बोईसर यांच्या गरजा एक नाहीत.

दुसरी पातळी गावाची आहे, आणि तेथे नियम बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. फेरआकारणीची यादी प्रसिद्ध होते तेव्हा तीवर हरकती घेता येतात. आकारणी मान्य नसल्यास कलम १२४ अन्वये पंचायत समितीकडे, आणि तिचाही निर्णय मान्य नसल्यास जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे अपील करता येते. ओटी खोलीसारखी मोजली गेली, कुडाचे किंवा मातीत बांधलेले घर सिमेंटच्या वर्गात पडले, तीस वर्षांच्या घराला घसारा कमी मिळाला, अशा चुका त्या मुदतीत दाखवून दिल्या तर दुरुस्त होतात. मुदत गेली की चार वर्षे त्याच नोंदीवर बिले येत राहतात. मोजणीच्या दिवशी घरमालकाने स्वतः हजर राहावे, खोल्यांची, ओटीची व पडवीची मापे वेगळी लिहून घ्यावीत, छपराचा प्रकार शेऱ्यात नोंदविण्याची लेखी विनंती करावी आणि तिची पोच घ्यावी. कायद्यात छपराचा रकाना येईपर्यंत त्या शेऱ्यांवरूनच गावात किती घरे उघड्या पत्र्याखाली आहेत आणि किती कौलांखाली, हे ग्रामसभेला प्रथमच मोजून पाहता येईल, आणि घरकुलांचा पुढचा नकाशा मागताना त्या आकड्यांचा आधार घेता येईल.